आतून धरायला कोण

"बाहेरून दिसणार नाही असं लावता येईल का, वस्ताद?"

बाबालाल वस्ताद आधी खाकरले. सकाळपासून कोणाशी एक शब्द झाला नव्हता, त्यामुळं घसा बसला होता. तांब्यातलं घोटभर पाणी प्याले.

"काय लावायचं?"

"लोखंडी अँगल. दोन इंची. बंपरच्या आतनं. पंचानं हात घालून बघितलं तरी घावू नये असा."

"टोक कुठल्या अंगाला?"

"..."

"टोक कुठल्या अंगाला रं?"

"डाव्या."

"म्हंजे कुणाच्या तरी दारात घालायचा हाय."

"अभिनंदन मगदूमच्या," धैर्यशील म्हणाला. "उद्या. तिसऱ्या वळणावर."

वस्तादांनी मान हलवली. गिऱ्हाईकानं गाडीला कुठला रंग मारायचा ते सांगितल्यावर हलवत, तशीच.

"लावता येईल," ते म्हणाले.

वस्तादांचं पत्र्याचं शेड माळाच्या अगदी टोकाला होतं. पुढं मोटारींच्या शर्यतीचं रिंगण, मागं नुसता माळ. शर्यतीच्या रविवारी तिथं जत्रा भरल्यासारखी माणसं येत. बाकीचे दिवस वारा. वस्तादांनी सत्तरी ओलांडली होती. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे, संध्याकाळी चूल पेटवायची. भाकरी एकच करत. अर्धी रात्री खात, अर्धी सकाळी.

धैर्यशील त्यांच्याच हाताखाली गाडी शिकला. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा वळणावर डोळे मिटायचा. आता तीन वर्षं लागोपाठ पहिला येत होता. चहाच्या टपरीवर उभा राहून म्हणायचा, माळावर येऊन माझी धूळ न खाता घरी गेलेला एक गडी दाखवा.

वस्तादांच्या कानावर ते आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "धूळ खाऊन पोट भरतंय व्हय कुणाचं?"

रिंगणात जुन्या मारुती गाड्या पळवतात. काचा काढलेल्या, मागच्या सीटा काढलेल्या, दारांचा आतला पुठ्ठा काढलेला. नुसता पत्रा आणि इंजिन. बारा फेऱ्या. घासून गेलं तर चालतं, मुद्दाम ठोकायचं नाही, असा नियम आहे. पण धूळ उडाली की आत काय मुद्दाम आणि काय चुकून, ते गाडीतल्यालाच ठाऊक.

पंधरा दिवसांपूर्वी अकराव्या फेरीत अभिनंदननं धैर्यशीलला तिसऱ्या वळणावर दारावर घेतलं होतं. गाडी टायरांच्या ढिगावर चढली आणि कुशीवर पडली. वस्तादांनी ते शेडच्या दारातनं बघितलं होतं.

तरी त्यांनी विचारलं.

"लागलंतं का तुला?"

"गुडघा सुजलाय. एवढंच."

"एवढंच?"

"...पोरांनी व्हिडिओ काढला. खाली गाणं लावलं. गावभर फिरला. माझ्या सासुरवाडीलाबी गेला."

"म्हंजे लागलं."



धैर्यशीलच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर दुधाची गुळणी वाळलेली होती. पांढरट, तळहाताएवढी. घरी पाच महिन्यांची पोरगी होती. ढेकर काढायला खांद्यावर घेतली असणार आणि तसाच निघाला असणार. वस्तादांनी तिकडं बघितलं, आणि मग दुसरीकडं बघितलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं बघितला, कट केला.

"कोण?"

"घरनं."

"उचल की."

"काय नसतंय ओ. जेवलाय का, एवढंच इचारती. दिसातनं चारदा."

"जेवलायस?"

"नाही."

"मग तसं सांगायचं."

धैर्यशील हसला. "तुम्हाला नाही कळायचं, वस्ताद. सारखी काळजी, सारखी काळजी. शर्यत जवळ आली की रात्री पोरीला कुशीत घेऊन बसून राहती. झोपत नाही. मला म्हणती, तुम्ही झोपा. आता मी काय झोपणार?"

"..."

"अँगल लावायला किती वेळ लागंल?"

"अँगलला काय, तासाभराचं काम." वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या भंगारात हात घालून चार फुटांचा एक तुकडा ओढून काढला. हातात तोलून बघितलं. "हा चालंल?"

धैर्यशीलनं तो हातात घेतला. कड धारदार होती. बोट फिरवून बघितलं. त्याला एवढ्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. येताना रस्त्यानं तो काय काय बोलायचं ते ठरवत आला होता. वस्ताद नाही म्हणाले तर असं म्हणू, रागावले तर तसं म्हणू. आता त्यातलं काहीच बोलायची गरज उरली नव्हती.

"चालंल," तो म्हणाला. आवाज मात्र बारीक आला.

"पर आदी दाराचं बघू. दार असं ढिलं ठेवून पुढं वजन टाकलंस, तर पयल्या धक्क्याला दार तुझ्याच मांडीवर येईल."

दोघं गाडीपाशी गेले.

उजव्या बाजूच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाराला मोठा पोचा होता. मधोमध, परातीएवढा. पण नुसता पोचा नव्हता. त्यात बारीक बारीक टेंगळं होती, आतून वर आलेली. अंगावर गांधी उठल्यासारखा पत्रा दिसत होता.

वस्तादांनी अंगठा ठेवून दाबलं.

टक.

इथं आत गेलं, तिथं वर आलं.

तिथं दाबलं. टक. पुन्हा इथं वर आलं.

"एकट्यानं ठोकलायस."

"होय."

"मोठ्या हातोड्यानं."

"होय."

"बाहेरनं ठोकळा न धरता."

"धरायला कोण होतं?" धैर्यशील जरा चिडूनच म्हणाला.

वस्तादांनी हात शर्टाला पुसला. "नुसतं ठोकत बसलं की पत्रा ताणतो. ताणला की वाढतो. वाढलेला पत्रा आपल्या जागेत मावत न्हाई. मग असा टकटक करत बसतो जन्मभर." ते थांबले. "तुला हे शिकवलं न्हवतं व्हय मी?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"...राग आला होता."

आता इथं माळाचा रिवाज सांगायला हवा. फार जुना आहे. कोणी घातला ते कोणाला ठाऊक नाही. शर्यतीत ज्यानं दुसऱ्याच्या गाडीला पोचा पाडला, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी घेऊन त्याच्या दारात जायचं. ज्याची गाडी, त्यानं आत बसायचं, पत्र्याच्या पाठीला लोखंडी ठोकळा धरायचा. ज्यानं पाडला, त्यानं बाहेरून ठोकायचं. हलक्या हातानं, कडेकडेनं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, मध्ये पत्रा असतो. आतल्यानं नीट धरलं आणि बाहेरच्यानं नीट मारलं, तरच पोचा बसतो. मग चहा. मुद्दाम पाडला की चुकून पडला, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

"अभिनंदन आलाच न्हाई म्हण की," वस्ताद म्हणाले. "रिवाज मोडला त्यानं."

धैर्यशील गाडीकडं बघत राहिला.

"आँ? आला न्हाई न्हवं?"

"..."

"धैर्या."

"आला होता."

वारा आला. शेडचा सुटलेला पत्रा एकदा वाजला आणि गप्प झाला.

"सोमवारी सकाळी सातला आला. हातोडी घेऊन. बाहेरनं हाका मारत होता. धैर्या, ए धैर्या, म्हणून."

"मग?"

"मी गेट उघडलं नाही."

"आणि?"

"आमची ही म्हणाली, मी उघडू का. मी तिच्यावर वरडलो. पोरगी उठली, रडाय लागली. ...तो ऐकत असणार बाहेर. अर्धा तास उभा होता. मग गेला."

"आणि मग तू एकट्यानं ठोकलंस."

"होय."

वस्तादांनी पुन्हा एकदा अंगठ्यानं पत्रा दाबला.

टक.

"ठोकळा मी धरतो, वस्ताद. तुम्ही ठोका. तुमच्या हातानं बसंल."

"मी मारलंय का तुला?"

"नाही, पण..."

"मग मी कसा ठोकू?"

"अवो, रिवाजाचं ठेवा बाजूला! दार सरळ करायचंय, उद्या आठला शर्यत हाय. तुम्ही रोज सगळ्या गावाचे पोचे काढताय की!"

"एस्टीला घासलेली, म्हशीनं शिंग मारलेली, भिंतीला लागलेली, त्या गाड्या काढतो. शर्यतीतला पोचा काढत न्हाई. एकतीस वर्षं झाली."

"का?"

वस्ताद शेडमध्ये गेले. धैर्यशील बाहेरच उभा राहिला. मग थोड्या वेळानं तोही आत गेला.

आतल्या भिंतीला, चुलीच्या वर, तारेनं एक दार टांगलेलं होतं. जुन्या फियाटचं. हिरवा रंग, आता धुरानं काळपट झालेला. धैर्यशीलनं ते चार वर्षं बघितलं होतं. भंगार असेल म्हणून कधी विचारलं नव्हतं. मधोमध आत गेलेलं होतं. खोल. त्यात माणूस दडेल एवढं.

"कुणाचं?"

"हिंदुराव भोईट्याचं."

"हे कोण?"

"माझ्या संगं पळवायचा. चांगला होता गडी. हसला की सगळे दात दिसायचे." वस्ताद चुलीपाशी बसले. "एका शर्यतीत त्यानं मला बाहेर काढला. चिंचेच्या वळणावर. तवा तिथं चिंच होती. दुसऱ्या दिवशी आला हातोडी घेऊन. मी गेट उघडलं. आत बसलो. ठोकळा धरला. दोन तास ठोकत होता बिचारा. आमच्या हिनं शिरा केलता. दोघांनी खाल्ला. हसलो, बोललो."

"मग बरं की."

"पुढच्या शर्यतीत त्याच वळणावर मी त्याला दारावर घेतला."

"...का?"

वस्तादांनी खांदे वर केले.

"शिरा गोड झालता. राग तसाच होता."

धैर्यशील खाली बसला. गुडघा दुखत होता म्हणून पाय लांब करून.

"तीन दिस मिरजेला दवाखान्यात होता. मी बाहेर बसून होतो. तिसऱ्या दिशी त्याचा भाऊ बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता गेला. तवा कळलं."

"..."

"त्याच्या बायकोच्या कडंवर पोरगी होती. आठ म्हैन्यांची. तिला काय कळतंय. मला बघून हात पुढं केला तिनं. घे म्हणून."

"घेतली?"

"न्हाई."

चुलीत राख होती. वस्ताद काडीनं ती उगाच सारखी करत होते.

"तेराव्यानंतर टेंपो आला. टेंपोत हे दार. त्याच्या बायकोनं पाठवलेलं. निरोप न्हाई, चिठ्ठी न्हाई. रिवाज हाय न्हवं... ज्यानं पाडला, त्यानं काढायचा." वस्तादांनी मान वर केली. "धुऊन पाठवलं होतं. आतनं बाहेरनं. कोपरा न् कोपरा पुसलेला."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"काढला का नाही मग?"

"आतनं धरायला कोण?"

धैर्यशील उठला.

तसा तो आडदांड होता, पण त्या वेळी त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं तार सोडवली. दार खाली घेतलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. दोन डब्यांना टेकवून ते उभं केलं. मग दाराच्या मागं पालथा डबा ठेवला, त्यावर बसला, आणि कोपऱ्यातला ठोकळा उचलून पत्र्याच्या पाठीला लावला. अगदी गाडीत बसतात तसा.

"मी धरतो, वस्ताद. ठोका."

"ऊठ तिथनं."

"ठोका. एकतीस वर्षं झाली म्हणता. किती दिवस टांगून ठेवणार? मी धरलंय. ठोका तुम्ही."

पलीकडं हालचाल झाली. खोक्यातनं हातोडी काढल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली.

धैर्यशीलच्या डोळ्यांपुढं नुसता पत्रा होता. खोल आत आलेला. इतका आत, की त्याच्या बरगडीला लागत होता. त्यातनं बाहेरचं काही दिसत नव्हतं. वस्तादांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, जोरजोरात.

हातोडी वर गेली असणार.

आता येईल, आता येईल, म्हणून त्यानं ठोकळा घट्ट धरला.

आली नाही.

तळहाताला घाम सुटला. ठोकळा निसटायला लागला. त्यानं दुसरा हात लावला. कुठं बसेल? वर? खाली? बोटांवर? एवढ्या वर्षांत आपण रोज दारामागं बसतो, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. दाराच्या पलीकडं दुसऱ्याचा हात असतो, हेही नाही. तो हात आज काय मनात धरून आलाय, ते आतनं कसं कळणार...

त्यानं डोळे मिटले. चार वर्षांपूर्वी मिटायचा तसे.

खिशातला फोन वाजायला लागला. वाजत राहिला. त्याला हात सोडता येईना.

फोन थांबला.

"वस्ताद?"

"..."

"वस्ताद, हाय न्हवं तुम्ही?"

"हाय."

"ठोकणार हाय का?"

पलीकडं हातोडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. हळू. झोपलेल्या पोराजवळ भांडं ठेवावं तसा.

"ये बाहेर," वस्ताद म्हणाले.

धैर्यशील बाहेर आला. हाताला ठोकळ्याच्या कडेचे वळ उठले होते.

"का नाही ठोकलं?"

"तू त्याचा कोणी न्हवंस."

"..."

"आत कसं वाटलं?"

धैर्यशीलला सांगायचं नव्हतं. तरी तो बोलला.

"तुमचा हात दिसत नव्हता."

"त्यालाबी दिसला न्हाई."

वस्तादांनी दार उचलायचा प्रयत्न केला. एकट्याला उचलेना. धैर्यशीलनं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते पुन्हा भिंतीला टांगलं. वस्तादांनी तार दोनदा पिळली.

मग वस्ताद काहीच झालं नसल्यासारखे बाहेर गेले, वेल्डिंगचं मशीन ओढत गाडीपुढं आणलं, अँगलचा तुकडा उचलला आणि बंपरपाशी उकिडवे बसले.

"हं. धर इकडनं. लावून टाकू."

धैर्यशील हलला नाही.

"का रं? तासाचं काम हाय म्हणलो न्हवं? ऊन उतरायच्या आत व्हईल. धर."

"वस्ताद..."

"पंचाला घावणार न्हाई. माझा हात हाय, काळजी करू नगंस. असा बसवतो, की आतल्याला कळायच्या आत दार पार होईल."

धैर्यशीलनं पुढं होऊन त्यांच्या हातातनं अँगल काढून घेतला. जरा जोरातच. मग शरमला. इकडं तिकडं बघितलं, आणि भंगाराच्या ढिगात अगदी तळाला खुपसून ठेवला. हात झाडले.

वस्ताद बघत होते. मशीन जिथलं तिथं नेऊन ठेवलं.

धैर्यशीलनं फोन काढला. घरून आलेले दोन फोन दिसले. आधी तिथं लावला.

"नाही जेवलो," तो म्हणाला. "...नाही. ...वस्तादांकडं हाय. ...पोरगी झोपली का? ...बरं." थोडं थांबून म्हणाला, "...येतो. यायला उशीर होईल. तू गेट उघडं ठेव. ...काय नाही. असंच."

मग दुसरा नंबर लावला. रिंग गेली. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा मध्येच कट झाला.

"अभिनंदनला लावतोयस?"

"होय."

"पंधरा दिस झाले. त्याच्या मनातबी काय काय शिजलं असंल. त्यानंबी अँगल लावून ठेवला असंल, काय सांगावं."

"असंल."

धैर्यशीलनं मेसेज लिहिला. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग वस्तादांना वाचून दाखवला, शाळेत गुरुजींना दाखवावा तसा.

"अभ्या, वस्तादांच्या शेडवर हाय. गाडीत बसलोय. हातोडी घेऊन ये. एवढंच लिवलंय."

"चुकलो म्हणून न्हाई लिवलंस?"

"चुकला तो हाय."

वस्ताद तोंडातल्या तोंडात हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"बरं. धाड."

मेसेज गेला. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचला होता. उत्तर आलं नाही.

धैर्यशील आणखी थोडा वेळ फोनकडं बघत राहिला. मग फोन खिशात टाकून गाडीकडं गेला. दार उघडत नव्हतंच. खिडकीतनं आत शिरला, सुजलेला गुडघा सांभाळत. आपल्या जागेवर बसला. ठोकळा मांडीवर घेतला, आणि पोचा पडला होता तिथं, टेंगळांच्या मधोमध, पत्र्याच्या पाठीला लावून धरला.

बाहेर कोणी नव्हतं.

ऊन उतरलं. रिंगणातल्या टायरांच्या सावल्या लांब झाल्या. लांबवर गावाकडच्या रस्त्यावर एक मोटारसायकल दिसली. धैर्यशील पुढं वाकला. मोटारसायकल वळली आणि दुसरीकडं गेली.

वस्तादांनी चूल पेटवली. पीठ काढलं. थोडा विचार केला, आणि आणखी एक ओंजळ पीठ काढलं. भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहिला. मग भाकरीवर चटणी घालून ती त्यांनी खिडकीतनं आत दिली. धैर्यशीलनं एका हातानं खाल्ली. दुसरा हात पत्र्याला होता.

"हात आखडंल," वस्ताद म्हणाले.

"आखडू दे."

"उद्या गाडी चालवायची हाय."

"बघू."

रस्ता मोकळाच होता. धुळीत मघाच्या मोटारसायकलीची रेघ तेवढी राहिली होती.

वस्तादांनी शेडच्या उंबऱ्यात बसकण मारली. त्यांच्या मागं, आतल्या अंधारात, हिरवं दार टांगलेलं होतं.

"वस्ताद," गाडीतनं आवाज आला. "किती वेळ वाट बघायची असती ओ?"

वस्तादांनी वळून भिंतीकडं बघितलं. मग रस्त्याकडं.

"हे तू... मला इचारतोस?"